फ्लोराइड बॅटरीवर काम करायचंय? मग आधी पेलेटचं बघा

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा-झरी जामणीकडच्या माणसाला फ्लोराइडची ओळख करून द्यावी लागत नाही. बोअरचं पाणी आणि पोरांच्या दातांवरचे तपकिरी डाग सगळ्यांनी पाहिलेले असतात. पाण्यातलं फ्लोराइड मोजायच्या इलेक्ट्रोडच्या टोकाला लॅन्थॅनम फ्लोराइडचा स्फटिक बसवलेला असतो, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. 1966 साली निघालेली ही युक्ती अजून चालते, कारण त्या स्फटिकातून फ्लोराइड आयन सरकतो आणि बाकीचे आयन अडतात. फ्लोराइड आयन बॅटरीत भार वाहायचं काम फ्लोराइड आयन करतो, आणि तिचा सॉलिड इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन वाहून नेणारा घन थर, याच घराण्यातला. आमच्या भागातून एमएस्सीनंतर या विषयात येऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

2011 साली जर्मनीत कार्ल्सरूहला अंजी रेड्डी आणि फिख्टनर यांनी बेरियम घातलेलं लॅन्थॅनम फ्लोराइड वापरून अशी बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज करून दाखवली. अडचण एकच, ती 150 अंश सेल्सिअसला चालत होती. घरी हे सांगितलं तर मामा म्हणाले, "मंग आपल्या मोटरीले लावता येईन का?" म्हटलं, मामा, अजून लई वर्षं हायेत.

बेरियम कशाला घालायचं? लॅन्थॅनमवर तीन धन भार असतात, बेरियमवर दोन. लॅन्थॅनमच्या जागी बेरियम बसला की एक फ्लोराइड कमी पडतो आणि जागा रिकामी राहते. खच्चून भरलेल्या एसटीत एक सीट रिकामी झाली की सगळे जसे सरकतात, तसे आयन त्या रिकाम्या जागेतून पुढे जातात. साधारण 5 ते 10 टक्के बेरियम पुरतं. त्याहून जास्त घातलं म्हणून वाहकता वाढत जात नाही.

लेड टिन फ्लोराइडची वाहकता खोलीच्या तापमानालाच 10⁻³ सीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आसपास जाते. आकडा बघून नवखे भुलतात. पण त्यातलं टिन आणि शिसं सहज रिड्यूस होतं (इलेक्ट्रॉन घेतं), म्हणजे दमदार अ‍ॅनोड लावला की इलेक्ट्रोलाइटच खराब व्हायला लागतो. माझं मत विचाराल तर सुरुवात लॅन्थॅनमपासूनच करा. आकडे लहान येतील, पण विषय समजेल.

बनवायची रीत सांगायला सोपी आहे. लॅन्थॅनम आणि बेरियमची दोन्ही फ्लोराइड व्हॅक्यूममध्ये कोरडी करायची, अर्गॉनच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत) वजन करून झिरकोनियाच्या जारमध्ये भरायची आणि प्लॅनेटरी बॉल मिलवर (गोळ्यांनी दळणाऱ्या यंत्रावर) तासन्‌तास दळायची. मध्ये मध्ये थांबवावं लागतं, जार तापतो. मग एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) काढून बेरियम फ्लोराइडची रेषा उरली नाही ना, ते बघायचं. पावडर तापवताना हवेतली वाफ लागली तर ऑक्सिफ्लोराइड तयार होतं आणि हायड्रोजन फ्लोराइड वायू सुटतो. हा प्रकार गंमतीचा नाही. त्याने भाजलं तर लावायची कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल कुठे ठेवली आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

खरा वेळ जातो तो पेलेटवर, म्हणजे पावडर दाबून केलेल्या चकतीवर. 10 मिलिमीटरच्या डायमध्ये साधारण 0.4 ग्रॅम पावडर घातली की जेमतेम 1 मिलिमीटर जाडीची चकती मिळते. प्रेसचा दाब झटक्यात सोडला की वरचा पापुद्रा टोपीसारखा सुटतो, म्हणून सावकाश सोडायचा. चकती उजेडासमोर धरून कडेला बारीक चीर आहे का बघा. वजन आणि माप घेऊन घनता काढा. लॅन्थॅनम फ्लोराइडची मूळ घनता 5.9 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या आसपास आहे. तिच्या जवळ जितकं जाल तितकं बरं, नाहीतर तुम्ही पोकळ्याच मोजत बसाल.

दोन्ही बाजूंना सोन्याचा किंवा ग्रॅफाइटचा थर देऊन इम्पिडन्स (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या एसी करंटला होणारा विरोध) घ्यायचा. त्याच्या आलेखात अर्धवर्तुळ आलं आणि पुढे तिरकी शेपटी निघाली, तर आयन इलेक्ट्रोडपाशी अडतायत, म्हणजे वहन आयनांचंच आहे असं समजायला आधार मिळतो. त्या अर्धवर्तुळावरून रोध काढा. रोध आणि क्षेत्रफळाच्या गुणाकाराने जाडीला भागायचं, एवढाच हिशोब. 0.1 सेंटिमीटर जाडी, 0.785 चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ आणि 1.3 लाख ओहम रोध असेल तर वाहकता 10⁻⁶ च्या जवळ येते.

आता पावसाळ्याचं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे उघड्यावर ठेवलेल्या पेलेटचा आकडा खोलीच्या तापमानाला एकदम झकास येतो. खुश होऊ नका, तो बहुधा ओलाव्याचा असतो. पेलेट अर्गॉनमध्ये तापवत मोजा, मग थंड करत पुन्हा मोजा. दोन्ही वेळचे बिंदू अर्‍हेनियस आलेखात, म्हणजे वाहकता तापमानाबरोबर कशी बदलते ते दाखवणाऱ्या आलेखात, एकाच रेषेवर बसले तरच आकडा वहीत पक्का करा. त्यानंतर कायम व्होल्टेज देऊन करंट किती उरतो तेही बघा, म्हणजे इलेक्ट्रॉनची गळती कळते.

तालुक्याच्या कॉलेजात ग्लोव्ह बॉक्स नसतो. तरी सरांच्या देखरेखीखाली, फ्यूम हूडमध्ये, लॅन्थॅनम नायट्रेट आणि अमोनियम फ्लोराइडच्या द्रावणांतून पांढरा साका पाडता येतो. बीकर प्लॅस्टिकचे घ्या, काच खाल्ली जाते. द्रावणाजवळ आम्ल अजिबात आणू नका. उरलेलं पाणी मोरीत ओतू नका, कॅल्शियम क्लोराइड टाकून फ्लोराइड खाली बसवा. आपल्या भूजलात आधीच ते पुरेसं आहे.

पुढच्या वाटेचं थोडक्यात सांगतो. एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम, नंतर पीएचडीसाठी नेट किंवा गेट. नेटमधून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये. नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योतीच्या पीएचडी फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. सॉलिड स्टेट आयॉनिक्सचं जुनं काम नागपूर विद्यापीठातही आहे, सगळ्यांनी पुण्या-मुंबईलाच धावायची गरज नाही.

आणि गाइड ठरवताना पेपरांची यादी बघाच, पण लॅबमधल्या सीनियरला गाठून चार गोष्टी विचारा. ग्लोव्ह बॉक्स चालू आहे का, अर्गॉनचा सिलिंडर संपला की कोण आणतं, इम्पिडन्सवर नंबर किती दिवसांनी लागतो, आणि रात्री लाइन गेली तर भट्टीला बॅकअप आहे का.