पिवळी पिशवी हलकी करा: कॅम्पसवरच्या दवाखान्यासाठी

विद्यापीठाच्या आवारातल्या आरोग्य केंद्रात मी सिस्टर आहे. आमच्याकडे खाटा नाहीत. ओपीडी, ड्रेसिंग, इंजेक्शनं, आणि परीक्षेच्या दिवसांत उपाशीपोटी येऊन चक्कर आलेली मुलं. एवढ्याशा दवाखान्याचा कचरा तो काय असणार, असं प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना वाटतं. पण जैववैद्यकीय, म्हणजे उपचारातून निघणाऱ्या कचऱ्याचे २०१६ चे नियम शाळेतल्या प्रथमोपचार खोलीलाही लागू आहेत. खाटा नसलेल्या दवाखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी एकदाच घ्यावी लागते. ती आहे का, हे आधी कपाटातल्या फायलीत बघा.

मग एक ताणकाटा आणा. प्रत्येक रंगाच्या पिशवीचं वजन रोज रजिस्टरला लिहा. नियमाने ते लिहावंच लागतं आणि ३० जूनपर्यंत मंडळाला वार्षिक अहवालही द्यावा लागतो. पण माझा मतलब वेगळा आहे: वजन लिहायला लागलात की पिवळी पिशवी, म्हणजे रक्ताळलेल्या कापूस-गॉजची, का फुगते हा प्रश्न आपोआप पडतो. पिवळ्यातलं बहुतेक सगळं जाळलं जातं. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आरोग्यसेवेतला सुमारे ८५ टक्के कचरा घरातल्यासारखाच साधा असतो. तो पिवळ्यात पडला की विनाकारण जळतो, वर धूर आपल्याच जिल्ह्यात.

पिशवी उघडून चाळत बसू नका. एकदा टाकलेलं परत हाताळायचं नाही. त्यापेक्षा तासभर ड्रेसिंगच्या टेबलापाशी उभ्या राहा आणि हात कुठे वळतात ते बघा. पिवळा डबा पायाशी आणि साधा डबा दाराबाहेर असेल, तर ग्लोव्हजचं खोकं, चहाचा कप, हात पुसलेला कागद सगळं पिवळ्यातच जाणार. माणसाला दोष देऊन उपयोग नाही, डबा हलवा.

एका इंजेक्शनचाच हिशोब घ्या. सिरिंजचं वेष्टन फाडलं, ते साध्या कचऱ्यात. ॲम्प्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी फोडली, ती निळ्या खुणेच्या जाड डब्यात. पिशवीत काच टाकली तर ती पिशवी उचलणारीचा पाय कापते. टोचून झाल्यावर सुईला टोपण परत लावायचं नाही, बोटात सुई जाते ती अशाच वेळी. सिरिंज तशीच हब कटरमध्ये, म्हणजे सुई कापणाऱ्या यंत्रात, घालून कटरचा दांडा दाबायचा. सुई खाली पांढऱ्या डब्यात पडते, टोक कापलेली सिरिंज लाल पिशवीत जाते, आणि दंडावर दाबलेला रक्ताचा बोळा पिवळ्यात. एकाच इंजेक्शनला पाच जागा. त्या पाचही हाताच्या अंतरावर, हात ज्या क्रमाने चालतो त्याच क्रमाने मांडलेल्या हव्यात. वेष्टन सगळ्यात आधी निघतं, म्हणून साधा डबा सगळ्यात जवळ. पांढरा डबा पाऊण भरला की बंद. दाबून अजून चार सुया बसवायचा मोह नको.

पुरवठादार देतात ती रंगीत पोस्टरं बहुतेक इंग्रजीत असतात आणि भिंतीची शोभा वाढवतात. आमच्या मावशींसाठी आम्ही प्रत्येक डब्याच्या वर खरी वस्तूच चिकटवली आहे: लालवर कोरी सिरिंज आणि सलाईनच्या नळीचा तुकडा, पिवळ्यावर कोरा गॉज. बदली म्हणून आलेल्या मामांनाही काही समजवावं लागत नाही.

खरी पुनर्वापराची पिशवी लालच. अनेक दवाखान्यांचा कचरा जिथे एकत्र जातो त्या सामायिक प्रक्रिया केंद्रात त्यातलं प्लास्टिक निर्जंतुक होतं, तुकडे होतात आणि नोंदणीकृत कारखान्याकडे जातं. हे आपल्या दवाखान्यात करायचं नाही; ७५ किलोमीटरच्या आत असं केंद्र असेल तर स्वतःची यंत्रणा उभारायला नियमातच मनाई आहे. भंगारवाला सलाईनच्या बाटल्यांना चांगला भाव देतो, तरी त्याला एकही देऊ नका. औषधांची रिकामी खोकी मात्र खुशाल द्या, फक्त आधी फाडा, म्हणजे त्यात कुणी बनावट माल भरणार नाही.

आता मुळातच कमी कसं होईल ते. हॉस्टेलच्या पोरांना जुलाब झाले, अशक्तपणा आला की एकच हट्ट: ‘सिस्टर, सलाईन लावा.’ तोंडाने पाणी घेता येत असेल आणि डॉक्टरांना गरज वाटत नसेल, तर लिटरभर पाण्यात ओआरएसची पुडी द्या आणि समोर बसवून घोट घोट प्यायला लावा. एका सलाईनमागे बाटली, आयव्ही सेट, कॅन्युला, चिकटपट्ट्या एवढा पसारा निघतो. तापाला गोळी चालत असेल तर इंजेक्शनचंही तेच. ग्लोव्हजचंही तेच: बीपी, ताप बघायला ते लागत नाहीत, आणि धडधाकट कातडीवर साधं दंडातलं इंजेक्शन द्यायलाही नाहीत. हात मात्र दर वेळी धुवायचे. रक्त, जखम, पू दिसला की ग्लोव्हज घालायचेच, तिथे काटकसर नको.

औषधं वाया जाऊ नयेत म्हणून ज्याची मुदत आधी संपते ते फळीवर पुढे ठेवा. गोळ्यांची पट्टी कापताना मुदतीची तारीख छापलेली बाजू शेवटपर्यंत आपल्याकडे राहू द्या. अर्धी फार्मसी इथेच फसते आणि चांगल्या गोळ्या तारीख दिसत नाही म्हणून फेकाव्या लागतात. मुदत संपलेलं बेसिनमध्ये ओतायचं नाही. ते कंपनीला परत करा किंवा पिवळ्यातून वेगळं बांधून पाठवा. इन्सुलिन घेणाऱ्या मुलामुलींना सांगा की सुया जाड प्लास्टिकच्या झाकणबंद बाटलीत साठवून दवाखान्यात आणून द्या, हॉस्टेलच्या डस्टबिनमध्ये नकोत. त्या डस्टबिनमध्ये सकाळी हात कुणाचा जातो, हे एकदा सांगितलं की मुलं ऐकतात.

मावशी-मामांची हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस झाली आहे का, ते तपासा. सुई टोचलीच तर बोट पिळायचं नाही. साबण-पाण्याने धुवून लगेच डॉक्टरांना गाठायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर ती ७२ तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर तितकं बरं.

कॅलेंडरवरही लक्ष असू द्या. रक्ताळलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि कचरा नेणारी गाडी चुकते ती नेमकी दिवाळीच्या सुट्टीत. सुट्टीआधी गाडीवाल्याला फोन करून शेवटच्या दिवशी सगळं उचलायला लावा. राष्ट्रीय सेवा योजनेचं रक्तदान शिबिर असेल तर रक्तपेढीकडून आधीच लेखी घ्या की शिबिरातल्या सुया आणि बोळे त्याच दिवशी त्यांच्या गाडीतून जातील.