हिब्रू साहित्य वाचायचंय? आधी लेखकाचं गाव विचारा

रास्ता पेठेतल्या आमच्या वाचनगटात नवीन माणूस आला की विचारतोच, "काकू, हिब्रूची सुरुवात कुठून करू?" त्याला मी पहिल्यापासूनची यादी द्यावी अशी अपेक्षा असते. ती मी देत नाही. अब्राहम मापूची पहिली हिब्रू कादंबरी १८५३ची, म्हणजे आपल्या 'यमुनापर्यटन'च्या चार वर्षं आधीची. एवढं ध्यानात ठेवा आणि पुढे चला.

मी आधी वही काढायला लावते. प्रत्येक लेखकासमोर तीन गोष्टी लिहा: जन्म कुठला, घरात भाषा कोणती, इस्रायलमध्ये, म्हणजे १९४८ आधीच्या पॅलेस्टाईनमध्ये, कधी आला. कवी ब्यालिक आणि कथाकार अग्नॉन आजच्या युक्रेनातले, घरात यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली. कवी अमिखाई जर्मनीतल्या वुर्झबर्गचा, घरात जर्मन. सामी मायकेल बगदादचा, घरात अरबी. आमोस ओझ जेरुसलेममध्ये जन्मला. त्याच्या आईवडिलांना ढीगभर भाषा येत होत्या, पण मुलाला मुद्दाम एकच शिकवली, हिब्रू. ज्या भाषेत शतकानुशतकं मुख्यतः प्रार्थना आणि शास्त्रार्थ चालले, ती रोजच्या बोलण्यात आणायचा हट्ट एलिएझर बेन-येहुदाने १८८१ साली जेरुसलेमला येऊन धरला. उद्यापासून दूध उतू गेलं तरी संस्कृतातच ओरडायचं, असं एखाद्या घरात ठरावं, तसंच हे. पहिल्या पिढ्यांचे बहुतेक थोर लेखक अशा शिकलेल्या भाषेत लिहीत होते. वही भरली की हे आपोआप दिसतं.

आता वाचायला घ्या, पण अग्नॉनपासून नको. त्याला १९६६चं नोबेल मिळालं म्हणून लोक तिथूनच सुरू करतात आणि पन्नास पानांत पुस्तक मिटतात. त्याच्या ओळीओळीत जुन्या धर्मग्रंथांचे पडसाद असतात, अनुवादात ते निम्मे विरतात. त्यापेक्षा ए. बी. येहोशुआची १९६३ची 'जंगलासमोर' ही कथा घ्या. रखडलेला एक विद्यार्थी लावलेल्या जंगलात आगीवर लक्ष ठेवायची नोकरी धरतो. सोबत एक अरब माणूस, त्याची जीभ युद्धात कापली गेलेली, आणि त्याची लहान मुलगी. हळूहळू कळतं की या झाडांखाली एक गाव गाडलंय. शेवटी जंगल पेटतं. कथा संपली की वहीत '१९४८' हे इस्रायलच्या स्थापनेचं आणि युद्धाचं साल लिहा आणि जंगल तिथे आलं कुठून, ते स्वतःला विचारा.

लगेच त्यामागून एस. यिझहारची 'खिरबेत खिझे' वाचा. सैनिक एक गाव रिकामं करतात, एवढंच घडतं. लेखक स्वतः १९४८च्या त्या युद्धात होता. इथे एक सवय लावून घ्या: पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली साल अनुवादाची की मूळची, ते पाहा. ही कथा १९४९ची, पण इंग्रजीत पुस्तकरूपाने यायला २००८ उजाडलं. साल चुकलं की धाडसच कळत नाही. युद्ध संपता-संपताच हे छापणं वेगळं आणि साठ वर्षांनी हळहळणं वेगळं.

मग मागे जा. १९०३ साली तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहरात ज्यूंची कत्तल झाली. वाचलेल्यांच्या साक्षी नोंदवायला ब्यालिकला तिथे पाठवलं. त्यानंतर त्याने लिहिलेल्या दीर्घ कवितेत राग मारेकऱ्यांइतकाच लपून बसलेल्या पुरुषांवरही आहे. मला ती कविता आवडत नाही, पण तिच्याशिवाय पुढचं स्वसंरक्षणाचं वेड कळत नाही.

आपल्याला सर्वात जवळचा धागा मात्र बगदादकडून येतो. पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधणारे डेव्हिड ससून बगदादचेच. सामी मायकेलची पहिली कादंबरी १९७४ची, नव्याने आलेल्यांच्या छावण्यांवरची. युरोपातून आलेले वरच्या पायरीवर आणि अरब देशांतले खाली, हे त्यात स्पष्ट दिसतं. ती वाचताना कोकणातून इस्रायलला गेलेले आपले मराठी ज्यू, बेने इस्रायल, आठवतील. तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांवर शंका घेतली, माणसं आंदोलनाला बसली आणि १९६४ साली संसदेने ते पूर्ण ज्यू असल्याचं मान्य केलं.

एवढं झालं की अँटन शम्मास घ्या. उत्तर इस्रायलमधल्या गॅलिलीतल्या फस्सुता गावचा ख्रिस्ती अरब, त्याची 'अरबेस्क' ही कादंबरी १९८६ची, मूळ हिब्रूतच लिहिलेली. वहीतल्या तीनही खान्यांत त्याचं उत्तर लिहून पाहा. तिसरा खाना कसा भरायचा, यावर आमच्या गटात दर वेळी वाद होतो.