बदकं पुन्हा पाडायची असतील तर आधी डबा टीव्ही शोधा

माळ्यावरचा जुना टीव्ही गेम खाली काढला, नव्या एलईडीला जोडला, कॉन्ट्रा मस्त चालला. पण डक हंट लावून बंदूक हातात घेतली की एकही बदक पडत नाही. बहुतेक जण इथे स्क्रू ड्रायव्हर घेऊन बंदूक उघडायला बसतात. बंदूक बरी असते, टीव्ही चुकीचा असतो.

निन्टेंडोच्या १९८४ सालच्या डक हंटमध्ये बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. उलट तिच्या नळीत एक भिंग आणि त्यामागे प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. चाप ओढला की एका फ्रेमपुरता, म्हणजे एका चित्रापुरता, पडदा काळा होतो, आणि पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. सेन्सरला आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर नेम लागला. दोन बदकं असली तर दोघांचे चौकोन एकामागोमाग येतात, त्यावरून कोणतं पडलं ते गेमला कळतं. जुन्या डबा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवर सिग्नल येतो त्याच क्षणी उजेड पडतो. एलईडी टीव्ही मात्र चित्र आधी साठवतो, ताणून मोठं करतो आणि मग दाखवतो. तोवर गेमने नेम हुकल्याचं ठरवूनही टाकलेलं असतं. शिवाय मूळ बंदुकीतलं सर्किट ट्यूबवर सेकंदाला सुमारे १५,७०० ओळी उमटताना होणाऱ्या लुकलुकीला जुळवलेलं असतं, आणि एलईडीत तसली लुकलुक नसतेच. सेटिंगमधला गेम मोड लावूनही हे सुटत नाही, त्यामुळे पहिला खर्च टीव्हीवर करा.

नागपुरात असा टीव्ही मिळायला अजून तरी फार अडचण नाही. मोहल्ल्यातल्या कबाड्याला सांगून ठेवा, नाहीतर महाल-इतवारीकडच्या जुन्या दुरुस्तीवाल्यांकडे विचारा. १४ इंची पुरतो, २१ इंची उत्तम. पण २१ इंची एकट्याने उचलू नका, सगळं वजन काचेच्या बाजूला असतं. घेण्याआधी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून बघा. कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग दिसला तर घाबरू नका, बहुधा ट्यूब चुंबकीय झालेली असते. टीव्ही अर्धा तास पूर्ण बंद ठेवून पुन्हा लावला की दरवेळी डाग थोडा कमी होतो. चित्र मळकट आणि रंग फिकट असेल, तापल्यावरही सुधारत नसेल, तर ट्यूब संपलेली आहे, तो सोडा. मागे पिवळी-पांढरी एव्ही (चित्र-आवाजाची) सॉकेट आहेत का ते बघा. शंभर हर्ट्झवाला भारी, सपाट काचेचा डबा टीव्ही फुकट मिळाला तरी या कामाला नको. तोही फ्रेम साठवतो, म्हणजे पुन्हा तीच अडचण. टीव्हीचं मागचं झाकण मात्र उघडू नका. ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो बराच वेळ टिकतो.

आता गेम. आपल्याकडे समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी जे आले ते सगळे १९८३ च्या जपानी फॅमिकॉमच्या घराण्यातले, ६० पिनांची कॅसेट घेणारे. मूळ अडॅप्टर हरवला असेल तर हाताला लागेल तो लावू नका. यातल्या बऱ्याच मशिनांना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनच्या आत निगेटिव्ह असतं, म्हणजे मोबाइल-राउटरच्या अडॅप्टरच्या नेमकं उलट. तरी प्रत्येक मशीन तसंच असेल असं नाही, म्हणून खालच्या बाजूची खूण वाचा. खूण पुसली असेल तर उघडून सॉकेटच्या तारा कुठे जातात ते बघा. जुना ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर बिनलोडचा, म्हणजे काही न जोडता, मोजला तर मल्टिमीटरवर १२-१३ व्होल्ट दिसतात, ते चालतं.

मशीनच्या आत ७८०५ नावाचा, वीज पाच व्होल्टवर आणणारा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. अक्षरं तुमच्याकडे धरली तर डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. उजव्यावर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. लाल दिवा लागतो पण पडदा एकाच रंगाचा राहतो, तेव्हा आधी हेच मोजा. चित्रावरून जाड आडवे पट्टे सरकत असतील आणि आवाजात घुंई असेल तर रेग्युलेटरजवळचा मोठा कपॅसिटर सुकलेला असतो. त्यावर लिहिलंय तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा नवीन लावा. पांढऱ्या पट्टीची बाजू निगेटिव्ह. असले सुटे भाग सीताबर्डीत मोदी नंबर नावाच्या गल्ल्यांमध्ये विचारले तर मिळतात. बोर्डावर चिपच्या जागी नुसता काळा डांबरी थेंब असेल आणि वीज बरोबर येऊनही काहीच चालत नसेल, तर नाद सोडा. तो थेंबच अख्खा गेम असतो, तो दुरुस्त होत नाही.

मे महिन्यात अर्धा-एक तास खेळल्यावर गेम अडकत असेल तर ७८०५ तापलाय. त्याची अॅल्युमिनियमची पट्टी घट्ट आहे का बघा, आणि मशीन गादीवर ठेवून खेळू नका. कूलर आणि गेम एकाच एक्स्टेंशन बोर्डावर नको. मोटर चालू होतानाच्या झटक्याने गेम रिसेट होतो, आणि तेही नेमकं शेवटच्या बॉसपाशी.

कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय सोडा. फुंकरीने गेम लागतो असं वाटतं, कारण तुम्ही कॅसेट काढून परत बसवलेली असते आणि त्यात पिना घासल्या जातात. फुंकरीतला ओलावा पिनांवर बसतो आणि काही महिन्यांत त्या काळ्या पडतात. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, इअरबड त्यात बुडवून पिळा आणि पिनांच्या दिशेने, म्हणजे उभं घासा. बड काळा निघणं थांबेपर्यंत बड बदलत राहा. फारच काळं असेल तर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि भुगा झटका. पॉलिश पेपर नको; पिनांवरचा पातळ मुलामा उडाला की तांबं उघडं पडतं. मशीनच्या खाचेसाठी जुन्या एटीएम कार्डाला सुती कापड गुंडाळून, अल्कोहोलने ओलं करून पाच-सहा वेळा आत-बाहेर करा आणि दहा मिनिटं सुकू द्या. चालू मशीनमधून कॅसेट कधीच ओढायची नाही.

गेमच्या रिमोटचं बटण दाबूनही माणूस उडी मारत नसेल तर मागचे स्क्रू काढा. रबरी बटणांखालच्या काळ्या गोळ्या आणि बोर्डावरच्या काळ्या रेघा अल्कोहोलने हलक्या पुसा. सगळीच बटणं मधूनमधून मरत असतील तर वायर रिमोटमध्ये शिरते तिथे तुटलेली असते. चार बोटं वायर कापून पाची तारा त्याच रंगांच्या जागी परत सोल्डरने डाग द्या.

चित्र काळं-पांढरं आलं तर टीव्हीच्या मेनूत रंगपद्धत पालवर आहे का बघा, ती एनटीएससी किंवा ऑटो करून पाहा. अँटेनाच्या वायरने जोडत असाल तर व्हीएचएफच्या खालच्या बँडमध्ये सावकाश शोधा. एव्ही असेल तर ही कटकट नाही.

बंदूक दुसऱ्या सॉकेटमध्ये, रिमोट पहिल्यात. मेनू रिमोटने निवडायचा. चाप ओढून पडद्याकडे बघा. पडदा अजिबात लुकलुकत नसेल तर दोष चापाच्या स्विचमध्ये किंवा वायरमध्ये. लुकलुकतो पण बदक पडत नसेल तर दोष उजेडाकडचा: कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवा, ब्राइटनेस मध्यावर ठेवा, नळीत बड घालून भिंगावरची धूळ पुसा. पडद्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसत असेल तर तो दिवा बंद करा, नाहीतर सेन्सरला अंधार दिसतच नाही. पाच-सहा फुटांवरून मारा. या गेममध्ये एक गंमत आहे. एकाच बदकाच्या 'ए' खेळात पहिल्या सॉकेटच्या रिमोटची दिशाबटणं बदकाला वळवतात. लहान भावाला नुसतं बघत बसवण्यापेक्षा त्याच्या हाती बदक द्या.

डबा टीव्ही मिळालाच नाही तर कॉम्प्युटरवर एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आणि माउस. कॅमेऱ्यावर चालणाऱ्या नव्या बंदुकाही आहेत. त्या पडद्याभोवतीची पांढरी चौकट बघून नेम ठरवतात, पण जुन्या मशीनला त्या जोडता येत नाहीत.

कॉन्ट्राचा ३० जीवांचा कोड सगळ्यांना पाठ असतो: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए आणि स्टार्ट. तरी तो चुकतो, कारण आपल्या रिमोटवर चार बटणं असतात. वरची जोडी टर्बोची. ती एका दाबात बी किंवा ए अनेकदा पाठवते आणि कोड मोडतो. साधीच बटणं वापरा. दोघांना खेळायचं असेल तर स्टार्टच्या आधी एकदा सिलेक्ट.

असे कोड ज्या पानांवर छापून यायचे ती मासिकं गोळा करायची तर रद्दीवाल्याकडे डिजिट आणि स्कोर यांची नावं सांगून ठेवा. त्यांत मुख्यतः कॉम्प्युटरचेच गेम असतात. कॉन्ट्रा-डक हंटच्या काळातलं हवं तर निन्टेंडो पॉवरसारखी परदेशी मासिकं हाती लागतात का बघा, ते १९८८ ला सुरू होऊन २०१२ ला बंद झालं. विकत घेताना पानं उलटून बघा: पोस्टर आणि कोडचं पान हमखास कापलेलं असतं, आणि मासिकासोबतची डिस्क तर आधीच गेलेली.

नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कागद बरा राहतो, त्याला मारतो तो कूलर. कूलरच्या हवेच्या झोतात किंवा त्या भिंतीच्या कपाटात ठेवलेली मासिकं ओलावतात, आणि गुळगुळीत आर्ट पेपर सुकताना एकमेकांना चिकटतो. एकदा चिकटून सुकला की ओढल्यावर छपाई उखडते. ताजी भिजली असतील तर लगेच प्रत्येक पानामध्ये कोरा कागद घाला आणि पंख्याखाली ठेवा. एकदम शंभर पानं हाताळणं जमणार नसेल तर पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये टाका आणि सवडीने थोडी थोडी काढा. कसर लागलेला गठ्ठाही असाच, हवाबंद पिशवीत दोन आठवडे फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर कागदावर दव धरतं. डांबराच्या गोळ्या नकोत. त्यांच्या वाफेने शेजारचं प्लास्टिक मऊ पडतं, आणि कॅसेटी बहुधा त्याच कपाटात असतात. मासिकाच्या गंजलेल्या पिना मधल्या पानावरून पातळ पातीने सरळ करा आणि मागून ओढा. सेलोटेप लावू नका, तो पिवळा पडून डाग सोडतो.

वाचायला स्कॅन करायचं तर ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरे. चित्रांवर जाळी उमटली तर ६०० वर घेऊन मग लहान करा. पानामागे काळा कागद ठेवला की मागची छपाई झिरपून दिसत नाही. डिस्क मिळालीच तर मऊ कापडाने मधून बाहेर पुसा, गोल फिरवू नका, आणि एकदाच कमी वेगाने वाचून तिची आयएसओ फाइल, म्हणजे हुबेहूब प्रत, करून ठेवा.