घातांकाचे नियम वापरून राशीला सरळ रूप देण्यापूर्वी: तयारीची यादी

बैजिक राशींना सरळ रूप देण्याची उदाहरणे सोडवायला बसण्यापूर्वी घातांकाचे नियम पाठ आहेत ना, हे बहुतेक जण पाहतात आणि ते पाहायलाच हवे. परंतु वह्या तपासताना मला वारंवार असे दिसले आहे की, नियम आठवला नाही म्हणून चुकलेली उदाहरणे थोडी असतात. घातांक नेमका कोणाचा आहे हे न पाहता नियम लावला म्हणून चुकलेली पुष्कळ असतात. म्हणून पुढील प्रत्येक बाब तपासताना एकच प्रश्न मनात जागा ठेवावा: हा घातांक कोणाचा? येथे टंकनाच्या सोयीसाठी घातांक ^ या चिन्हानंतर लिहिला आहे, म्हणजे क्ष^५ हा क्ष चा पाचवा घात होय; त्यात क्ष हा पाया आणि ५ हा घातांक. वहीत मात्र तो पायाच्या उजव्या खांद्यावर, लहान पण स्वच्छ अक्षरात लिहावा. ओळीत खाली घसरलेला घातांक पुढच्या पायरीत हटकून सहगुणक, म्हणजे अक्षराला गुणणारी संख्या, होऊन बसतो.

पहिली तयारी वाचनाची आहे. घातांक फक्त त्याला लागून डावीकडे असलेल्या पायाचा असतो आणि त्याची सत्ता त्यापलीकडे न्यायची असेल तर कंस लागतो. २क्ष^३ मध्ये घन केवळ क्ष चा आहे, २ तसाच राहतो. (२क्ष)^३ मध्ये मात्र २ चाही घन होतो आणि उत्तर ८क्ष^३ येते. हाच न्याय ऋण चिन्हाला लागू आहे. (−३)^२ ची किंमत ९ आहे, पण −३^२ ची किंमत −९ आहे, कारण दुसऱ्या लेखनात वर्ग ३ चा आहे आणि ऋण चिन्ह त्या वर्गाच्या बाहेर उभे आहे. तसेच (५क्ष)^० म्हणजे १ आणि ५क्ष^० म्हणजे ५. अशा आठदहा जोड्या स्वतः लिहून काढाव्यात आणि एकही नियम न लावता प्रत्येक घातांकाभोवती त्याच्या पायासह पेन्सिलीने वर्तुळ काढावे. हा सराव फार साधा वाटतो, तरीही माझ्या मते संपूर्ण यादीत याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही.

यानंतर नियमांकडे वळावे आणि ते पाठ म्हणण्यापेक्षा मोजून मिळवता येतात का, हे पाहावे. क्ष^३ × क्ष^४ याचा विस्तार केला तर तीन आणि चार असे सात क्ष गुणाकारात दिसतात, म्हणून पाया समान असताना गुणाकारात घातांकांची बेरीज होते. क्ष^५ ला क्ष^२ ने भागताना छेदातले दोन क्ष अंशातल्या दोन क्ष ना छाटतात, म्हणून भागाकारात वजाबाकी होते. (क्ष^३)^४ म्हणजे तीन-तीन क्ष चे चार गट, म्हणून घाताच्या घातात गुणाकार होतो. घातांक अक्षराच्या वर लहान आकड्यात लिहिण्याची आजची पद्धत रने देकार्त या फ्रेंच गणितज्ञाच्या १६३७ मधील लेखनामुळे रूढ झाली. तरी तो स्वतः वर्ग लिहिताना अनेकदा तेच अक्षर दोनदा लिहीत असे. आपणही शंका आली की तसेच करावे. सगळे अवयव सुटे मांडून मोजले की कोणता नियम लागतो ते वहीतच दिसते.

सराव करताना उदाहरणातील आकडे जाणीवपूर्वक निवडावेत. (क्ष^२)^२ यासारख्या उदाहरणावर कधीही विसंबू नये, कारण २ + २ आणि २ × २ दोन्ही ४ च येतात, आणि बेरीज करणारा विद्यार्थीही बरोबर ठरतो. घातांक ३ आणि ५ घेतले तर बेरीज ८ आणि गुणाकार १५ येतो, त्यामुळे गोंधळ असेल तर तो लगेच उघडा पडतो.

आता बेरजेविषयी, कारण सर्वांत अधिक गुण येथेच जातात. घातांकाचे सर्व नियम गुणाकार आणि भागाकाराचे आहेत. बेरजेसाठी आणि वजाबाकीसाठी त्यांपैकी एकही नाही. क्ष^३ + क्ष^३ ही सजातीय पदे आहेत, म्हणजे त्यांतील अक्षर आणि घातांक दोन्ही समान आहेत, त्यांची बेरीज २क्ष^३ होते, क्ष^६ होत नाही. क्ष^३ + क्ष^४ ही विजातीय पदे आहेत आणि त्यांचे एक पद होऊच शकत नाही. क्ष च्या जागी २ ठेवून पाहिले तर बेरीज ८ + १६ म्हणजे २४ येते, आणि क्ष^७ ची किंमत १२८. कंसाच्या आत बेरीज असेल तर बाहेरचा घातांक आत वाटता येत नाही, हेही येथेच पक्के करावे: (३ + ४)^२ म्हणजे ४९ आणि ३^२ + ४^२ म्हणजे २५. कंसातील घटकांमध्ये गुणाकार असेल तर घातांक प्रत्येकाला मिळतो, बेरीज असेल तर तो संपूर्ण कंसाचाच राहतो आणि तेथे विस्तारसूत्र लागते. घातांक कोणाचा, हा प्रश्न येथे पुन्हा उपयोगी पडतो, कारण (अ + ब)^२ मध्ये तो अ चाही नाही आणि ब चाही नाही, त्या दोघांच्या बेरजेचा आहे.

ऋण घातांकाची तयारी वेगळी आणि सावकाश करावी. ऋण घातांकामुळे संख्या ऋण होत नाही, तिचा गुणाकार व्यस्त होतो: २^(−३) म्हणजे १/८, −८ नव्हे. हे भागाकाराच्या नियमातूनच येते, कारण क्ष^२ ला क्ष^५ ने भागल्यावर छाटछाट करून १/क्ष^३ उरतो आणि वजाबाकीने क्ष^(−३) मिळतो; दोन्ही उत्तरे एकाच भागाकाराची असल्याने ती समान असलीच पाहिजेत. क्ष^० = १ हेही क्ष^३ ला क्ष^३ ने भागून असेच मिळते. येथे पाया ० नसावा ही अट कायम लक्षात ठेवावी, कारण ० ने भागणे अर्थहीन आहे. आता २क्ष^(−३) घ्या. छेदात जातो तो फक्त क्ष^३, कारण ऋण घातांक त्याचा एकट्याचा आहे, आणि उत्तर २/क्ष^३ येते. याहून मोठी चूक बेरजेत होते. अवयव अंशातून छेदात किंवा छेदातून अंशात नेता येतो, बेरजेतील सुटे पद नेता येत नाही. छेदात अ^(−१) + ब^(−१) आणि अंशात १ असेल, तर उत्तर अ + ब नसते. आधी छेदातील बेरीज (अ + ब)/अब अशी करून मग ती उलटावी लागते आणि अब/(अ + ब) मिळते. अ = २ आणि ब = ३ ठेवले तर खरी किंमत ६/५ येते आणि चुकीच्या वाटेने ५ येते.

एक उदाहरण शेवटपर्यंत चालून पाहू. (३अ^२ब^(−१))^३ ला ९अ^४ब^(−५) ने भागायचे आहे. प्रथम कंसाबाहेरचा ३ हा घातांक कोणाचा ते ठरवावे: तो ३ या सहगुणकाचा, अ^२ चा आणि ब^(−१) चा, अशा तिघांचा आहे. सहगुणकाला विसरणे ही येथील नेहमीची चूक आहे, आणि ३ चा घन २७ न लिहिता ९ लिहिणे ही तिची धाकटी बहीण. कंस उघडल्यावर २७अ^६ब^(−३) मिळते. मग सहगुणक, अ आणि ब यांचे तीन स्वतंत्र भागाकार करावेत. २७ ला ९ ने भागून ३ येतात; अ चा घातांक ६ − ४ = २ होतो; ब चा घातांक −३ − (−५), म्हणजे −३ + ५ = २ होतो. उत्तर ३अ^२ब^२. या शेवटच्या वजाबाकीत कंस न लिहिता −३ − ५ असे लिहिणारे अनेक जण −८ वर पोहोचतात, म्हणून ऋण घातांक वजा करताना तो कंसातच लिहिण्याची सवय लावून घ्यावी, मग वहीतली ओळ कितीही लांबो.

संख्या पायात असतील तर थोडे पाठांतर लागतेच. २ चे घात १०२४ पर्यंत, ३ चे ७२९ पर्यंत, ५ चे ६२५ पर्यंत आणि ७ चा घन ३४३ एवढे तोंडी असावे, कारण ४, ८, १६, २७, ८१, १२५ या संख्या दिसताच त्या मूळ पायात लिहिता आल्या पाहिजेत. ४^३ × ८^२ मध्ये दोन्ही पाया २ वर आणले की २^६ × २^६ = २^१२, म्हणजे ४०९६ मिळतात. पाया भिन्न आणि घातांक समान असतील तर पायांचा गुणाकार करता येतो, जसे २^३ × ३^३ = ६^३. दोन्ही भिन्न असतील, तर मूळ पायांवर आणून पाहावे आणि तरीही जमत नसेल तर राशी तशीच ठेवावी. २^३ × ३^४ ला एकच घातांक देण्याचा प्रयत्न करू नये.

घातांकातच अक्षर आले की विद्यार्थी बिचकतात. (२^(न+३) − २^(न+१)) ला २^(न+२) ने भागायचे असेल, तर वर वजाबाकी असल्याने अंशातील पदांचे घातांक परस्पर वजा करता येणार नाहीत. येथे गुणाकाराचा नियम उलट दिशेने वाचायचा असतो: २^(न+३) म्हणजे २^न × ८. तिन्ही ठिकाणी २^न वेगळा काढला की तो अंशात सामाईक अवयव होतो, छेदातल्या २^न शी छाटला जातो आणि उरते (८ − २)/४, म्हणजे ३/२. न ची किंमत काहीही असो, उत्तर तेच येते. मला ही उदाहरणे विशेष आवडतात, कारण नियम दोन्ही बाजूंनी वाचता येतो की नाही ते त्यांतून कळते.

परिमेय, म्हणजे अपूर्णांकात लिहिलेल्या, घातांकासाठी एवढे पुरे: पाया धन असताना छेद मूळ सांगतो आणि अंश घात सांगतो, आणि आधी मूळ काढल्यास आकडे लहान राहतात. ८^(२/३) साठी ८ चे घनमूळ २ आणि त्याचा वर्ग ४. पाया ऋण असण्याची शक्यता असेल तर सावध राहावे, कारण क्ष^२ चे वर्गमूळ नेहमी क्ष नसते, ते क्ष चे केवल मूल्य, म्हणजे ऋण चिन्ह काढून उरणारी किंमत, असते.

उत्तर लिहिल्यावर ते खरोखर सरळ रूपात आहे का, हे ताडून पाहावे. कंस उरलेला नाही, प्रत्येक पदात प्रत्येक पाया एकदाच आला आहे, ऋण घातांक शिल्लक नाही, सहगुणकाचा अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात आहे, एवढे झाले की पेन खाली ठेवता येतो. मूळ राशीत जे अक्षर छेदात किंवा ऋण घातांकासह होते, ते ० नाही ही अट उत्तराशेजारी लिहावी, मग सरळ रूपात ते अक्षर अंशात आलेले असले तरी.

पडताळ्यासाठी अक्षरांच्या जागी संख्या ठेवाव्यात, पण ० आणि १ टाळावेत, कारण १ चा कोणताही घात १ च असतो आणि घातांकाची चूक त्याआड लपून राहते. वरील भागाकारात अ = २ आणि ब = ३ ठेवा. कंसातील राशी ३ × ४ × १/३ म्हणजे ४ आणि तिचा घन ६४, भाजक ९ × १६ ÷ २४३ म्हणजे १६/२७, भागाकार १०८. आपल्या उत्तरात ३ × ४ × ९, तेही १०८.