मिडनाइट कमांडर (एमसी) या फाइल मॅनेजरमध्ये एफ१० चालेना, त्यावरचा उपाय (माझा अनुभव)

नारायण पेठेत काकांचं डीटीपीचं दुकान आहे. तिथल्या जुन्या उबुंटू (लिनक्स) कॉम्प्युटरचा डेस्कटॉप उघडेना आणि गिऱ्हाइकांच्या लग्नपत्रिका आत अडकल्या. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून कन्सोल (नुसत्या कमांडचा पडदा) मिळाला, पण तिथे देवनागरी नावं धड दिसत नाहीत. म्हणून माझा लॅपटॉप त्याच वायफायवर घेऊन त्याच्या टर्मिनलमधून एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर कमांड चालवायची सोय) दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये शिरलो.

'कुलकर्णी पत्रिका नवीन २' असली नावं कमांडमध्ये कोण टाइप करणार? 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल एमसी' करून मिडनाइट कमांडर टाकला. १९९४पासूनचा, पण आजही याच्याइतकं सरळ काही नाही. डावीकडे पत्रिका, उजवीकडे माउंट केलेली (सिस्टिमला जोडून घेतलेली) पेनड्राइव्ह, टॅबने इकडून तिकडे. लॅपटॉपला इन्सर्ट नाही, तर कंट्रोल-टी दाबून फायली निवडायच्या. त्या पिवळ्या होतात. मग एफ५, की कॉपी.

अडलं ते बाहेर पडताना. एमसीतून बाहेर पडायचं बटण एफ१०, पण ते दाबलं की टर्मिनलचाच मेनू उघडायचा. एस्केप दाबून सोडा, मग ० दाबा: काम होतं. एफ५साठी तसंच एस्केप, मग ५. कायमचा उपाय हवा तर ग्नोम टर्मिनलच्या (लॅपटॉपवरच्या टर्मिनल प्रोग्रॅमच्या) प्रेफरन्सेसमध्ये एफ१०च्या मेनूची टिक काढा.

पेनड्राइव्ह मात्र अनमाउंट करूनच काढा.