पोरगं ट्रेनिंग सेंटरला गेलंय, आता त्याचा पहिला फोन आला की घरच्यांनी काय करायचं

एआरओ (आर्मीचं भरती ऑफिस) वरून पोरं रवाना झाली की दोन-तीन दिवसांत घरच्यांचे मेसेज चालू होतात, फोन स्विच ऑफ येतोय, काय झालं असेल, कुणाचा नंबर आहे का. काही झालेलं नसतं हो. पोचल्या पोचल्या पोरांचे केस उतरतात, कागदपत्रं तपासतात, परत मेडिकल होतं, किट इश्यू होतं, बॅरेकमध्ये जागा मिळते, आणि या सगळ्यात मोबाईल एक तर जमा झालेला असतो नाहीतर बॅटरी मेलेली असते. मी स्वतः फौजेतून रिटायर झालोय आणि मधली काही वर्षं सेंटरवर उस्ताद, म्हणजे शिकवणारा, म्हणून पोरं ट्रेन केलीत, त्यामुळे फोनच्या त्या टोकाला काय चाललेलं असतं ते बघितलंय. म्हणून हे लिहितोय, आर्मीत अग्निवीर म्हणून गेलेल्यांच्या घरच्यांसाठी, पण नेव्हीला चिल्काला किंवा एअर फोर्सला बेळगावला पोरगं-पोरगी गेली असेल तरी बऱ्यापैकी सगळं असंच असतं.

आधी फोन यायची सोय करा. पोरगं स्वतःच्या नंबरवरून फोन करेलच असं नाही, कंपनीचा, म्हणजे सेंटरमधल्या त्याच्या तुकडीचा, लँडलाइन असेल, कुठल्या दुसऱ्या पोराचा असेल. बेळगावचा एसटीडी कोड 0831, नाशिकचा 0253, जबलपूरचा 0761, म्हणजे स्क्रीनवर असलं काही दिसलं की लोन वाल्याचा समजून कट करू नका. अनोळखी नंबर आपोआप गप्प करायची सेटिंग मोबाईलमध्ये चालू असेल तर बंद करा, आणि आईचा फोन रात्री देवघरात चार्जिंगला आणि आई स्वयंपाकघरात असं नको. बहुतेक वेळा संध्याकाळी रोल कॉलनंतर (हजेरीनंतर) नाहीतर रविवारी दुपारी फोन येतो. शेजारच्या गावातला पोरगा रोज बोलतो आणि आपला पंधरा दिवस नाही, यावरून डोकं खराब करून घेऊ नका, फोनचे नियम सेंटर सेंटरचे वेगळे आणि कधी कधी एकाच सेंटरच्या दोन कंपन्यांचे पण वेगळे असतात. आणि ज्या नंबरवरून फोन आला त्यावर परत परत लावू नका, तो बिचारा दुसऱ्याच कुणाचा तरी असतो आणि मग पुढच्या वेळी तो तुमच्या पोराला फोन देत नाही.

आता तो पहिला फोन. मी किती वेळा बघितलंय, पोरगा भिंतीकडे तोंड करून उभा, मागे आठ-दहा जणांची रांग, मागचा हळूच कोपराने ढोसतोय की आटप रे, आणि हा नुसतं हां आई, हां आई, बरा आहे, हां. फोन ठेवला की टोपीने डोळे पुसायचे आणि परत लाइनीत. घरी मात्र काय होतं की फोन स्पीकरवर टाकतात, आजीला बोलायचं असतं, काकीला बोलायचं असतं, कुणीतरी रडायला लागतं, आणि त्या दोन मिनिटांतलं दीड मिनिट पोरगं घरच्यांचीच समजूत काढत बसतं. त्याचं काहीच बोलून होत नाही.

म्हणून आधीच ठरवून ठेवा, फोन एकाने घ्यायचा. आईने घेतला तर उत्तम, पण ज्याला रडू आवरता येईल त्याने. रडायचं तर फोन ठेवल्यावर हवं तेवढं रडा, त्यात काही वाईट नाही. आणि त्याचा आवाज बसलेला, घोगरा वाटेल तर घाबरू नका, दिवसभर ड्रिलला ओरडून ओरडून सगळ्यांचाच घसा गेलेला असतो.

विचारायचं काय तर फार थोडं. पाय कसे आहेत, झोप लागते का, जेवण पोटभर जातंय का. पाय पहिले विचारा, कारण नवीन बुटाने फोड आलेले असतात आणि नडगीत दुखत असतं, पोरं ते लपवतात. मग पत्ता घ्या. वही-पेन फोनजवळच ठेवा. पत्त्यात त्याचा फौजेचा नंबर (मिळाला असेल तर), रिक्रूट किंवा अग्निवीर आणि नाव, प्लाटून (कंपनीतला छोटा गट), कंपनी, ट्रेनिंग बटालियन, सेंटरचं नाव, शहर आणि पिन एवढं सगळं पाहिजे. नुसतं 'मराठा सेंटर, बेळगाव' लिहून टाकलं तर तिथे शेकडो पोरं आहेत, त्यात अर्धे पाटील आणि जाधव, पत्र फिरत बसतं. उस्तादचं किंवा प्लाटून कमांडरचं नाव आणि ऑफिसचा नंबर सहज सांगता आला तर तेही लिहून ठेवा, पण ते इमर्जन्सीसाठी, रोज सकाळी 'साहेब आमचा बंटी जेवला का' विचारायला नाही. खरंच असे फोन येतात आणि मग बंटीचं पुढे काय होतं ते मी सांगत नाही.

विचारायचं काय नाही: उस्ताद मारतात का, सुट्टी कधी, पगार झाला का, तुझ्याबरोबरचा अमका कसा आहे. आणि घरची भांडणं, जमिनीची केस, बहिणीच्या लग्नाचं अडलेलं, हे तर अजिबात सांगू नका, तो तिथून काहीच करू शकत नाही, नुसता रात्रभर पंख्याकडे बघत पडेल आणि सकाळी पीटीला झोपेशिवाय पळेल.

त्याच्या बोलण्यात काही शब्द येतील ते माहीत असू द्या म्हणजे उगाच दचकायला होत नाही. उस्ताद म्हणजे शिकवणारा, शक्यतो नायक किंवा हवालदार. लंगर म्हणजे जेवणाची जागा. फॉलिन म्हणजे रांगेत जमा होणे, दिवसातून इतक्यांदा की पोरं झोपेत पण फॉलिन होतात. एमआय रूम म्हणजे तिथला दवाखाना. रगडा म्हणजे शिक्षा, फ्रंट रोल, पुशअप, चक्कर, एकाने चूक केली की पूर्ण प्लाटूनला. 'आज रगडा लागला' हे पोरगं हसत सांगत असेल तर तुम्ही पण हसा.

'मला इथे राहायचं नाही' असं म्हणाला तर

हा फोन बऱ्याच घरांत येतो, आणि पहिल्या काही आठवड्यांतच येतो. भरतीसाठी दोन-दोन वर्षं पहाटे उठून पळालेला पोरगा असतो हा, तरी म्हणतो. कारण पळणं ही गोष्ट वेगळी आणि दिवसभर दुसऱ्याच्या शिट्टीवर जगणं वेगळं. यावर घरचे दोन पैकी एक करतात. आई म्हणते ये बाबा परत, आपल्याला नको ती नोकरी. बाप म्हणतो आलास तर तोंड दाखवू नको, गावात बॅनर लावलेत. माझ्या मते दुसरं जास्त धोक्याचं आहे, कारण मग त्या पोराला वाटतं की आता इकडे पण दार बंद आणि तिकडे पण, आणि पुढच्या वेळी खरंच काही झालं तरी तो घरी सांगणार नाही.

त्याऐवजी त्याला विचारा, आज नेमकं काय झालं. नव्वद टक्के वेळा एक ठराविक गोष्ट निघते, रस्सी चढता येत नाही, हिंदी समजत नाही म्हणून सगळे हसले, पाय सुजलाय, सगळ्यांसमोर शिवी बसली. ती गोष्ट ऐकून घ्या, सल्ला कमी द्या. मग म्हणा की ठीक आहे, आता काही ठरवू नको, रविवारी परत बोलू. पुढच्या रविवारी तोच पोरगा फायरिंगला रायफल हातात मिळाली म्हणून सांगत असतो.

पण एक सांगून ठेवा, न सांगता गेटबाहेर पडायचं नाही. तो आता फौजेच्या कागदावर आहे, पळून आला की गैरहजर धरतात आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. अग्निपथमध्ये स्वतःच्या इच्छेने मध्येच सोडायची सोय अगदी अपवादात्मक कारणाशिवाय नाही, त्यालाही वरून मंजुरी लागते. काही अडचण असेल तर प्लाटून कमांडरकडे रीतसर अर्ज, घरच्यांनी परस्पर गाडी घेऊन गेटवर जाऊन उभं राहायचं नाही.

दुखणं आणि कंटाळा यात फरक करा. नडगीचं दुखणं आठ-दहा दिवस कमीच होत नसेल, एका ठिकाणी बोट ठेवलं की कळ येत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, त्याला एमआय रूमला जाच म्हणून सांगा. पोरं जात नाहीत, कारण विश्रांती मिळाली की मागे पडू, रेलिगेट होऊन खालच्या बॅचमध्ये टाकतील, बरोबरचे मित्र पुढे जातील. मागे पडलेला पोरगा काही महिन्यांनी पास होतोच, पण चिरेवर पळून हाड पूर्ण मोडलं तर नोकरीच जाऊ शकते, हे त्याला बापाच्या तोंडून ऐकू द्या. घरून पेनकिलरच्या पट्ट्या पाठवू नका.

आणि मनाचं. झोप अजिबात नाही, जेवण सुटलंय, बोलताना एकदम सपाट आवाज, जगण्यात अर्थ नाही असलं काही बोलला, तर तिथे रविवारची वाट बघायची नाही. सरळ विचारा, जिवाचं काही करायचं डोक्यात येतंय का. आणि लगेच त्याच्या कंपनीत फोन करून साहेबांना स्पष्ट शब्दांत सांगा, पोराची बदनामी होईल म्हणून गप्प बसू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 आहे, त्यात फौजेसाठी वेगळा सेल पुण्यात एएफएमसीला (फौजेच्या मेडिकल कॉलेजला) डिसेंबर 2023 मध्ये सुरू केलाय, घरच्यांनाही त्यावर बोलता येतं.

पत्र लिहा, खरंच लिहा

हसाल तुम्ही, पण ज्या पोराला आठवड्यातून दोन मिनिटं फोन मिळतो त्याला पत्राची किंमत कळते. दुपारी लाइन एनसीओ (बॅरेकचं बघणारा नायक-हवालदार) पत्रं घेऊन येतो, नावं पुकारतो, ज्याचं नाव येतं त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, आणि ज्याचं येत नाही तो बूट पॉलिश करत बसतो, मान वर न करता. पोस्टात आजही अंतर्देशीय पत्र मिळतं, ते घ्या. हातात खरंच पोचलं पाहिजे असं काही कागदपत्र असेल तर स्पीड पोस्ट, रजिस्टर पोस्ट सप्टेंबर 2025 पासून वेगळं राहिलेलं नाही, ते स्पीड पोस्टातच मिसळलंय.

लिहायचं काय हा प्रश्न सगळ्यांना पडतो. 'देशसेवा कर, नाव काढ' हे एका ओळीत संपवा. त्यानंतर म्हैस व्याली, रेडी झाली. मागच्या परड्यातलं आंब्याचं झाड छाटलं. तुझी सायकल आता धाकटा नेतो आणि चेन पडली की तुला शिव्या देतो. असलं फालतू वाटेल ते लिहा, पोरं तेच चार-चार वेळा वाचतात आणि बडीला, म्हणजे जोडीदाराला, पण वाचून दाखवतात. लहान भावंडांना दोन ओळी लिहायला लावा. त्याचं उत्तर नाही आलं तरी दर आठवड्याला एक टाकत राहा, त्याला लिहायला वेळ कुठे आहे. खाऊचं पार्सल मात्र त्याला विचारूनच, काही सेंटरला बाहेरचं खाणं चालत नाही आणि चाललं तरी लाडू पूर्ण बॅरेकमध्ये एका रात्रीत संपतात, त्यामुळे डबा पाठवायचा तर मोठा पाठवा.

घरी कुणी खरंच गंभीर झालं तर पोराला थेट फोनवर सांगण्याआधी कंपनी ऑफिसला कळवा, म्हणजे ते त्याला बसवून, कुणीतरी जवळ असताना सांगतात आणि सुट्टीचं पण तेच बघतात. पूर्वी यासाठी तार यायची, 2013 ला तार बंद झाली, पण 'मदर सिरियस' खोटं सांगून सुट्टी काढायची सवय काही लोकांची गेली नाही. ते करू नका, हॉस्पिटलचे कागद मागतात.

पैशाचं थोडक्यात. अग्निवीरला पहिल्या वर्षी महिन्याला 30,000 ठरलेत, त्यातले 9,000 सेवा निधीत (चार वर्षांनी एकरकमी मिळतो तो) कापून हातात 21,000 येतात, पण खातं चालू होऊन पहिला पगार पडेपर्यंत वेळ जातो, तोवर साबण-पॉलिश-कॅन्टीनला थोडे पैसे लागतील तर द्या. पण पोराचा आवाज स्वतः ऐकल्याशिवाय कुणालाही ऑनलाइन पैसे टाकू नका. 'मी सेंटरवरून सुभेदार बोलतोय, तुमच्या मुलाचा अपघात झालाय, ताबडतोब वीस हजार टाका' असा फोन आला की तो शंभर टक्के फ्रॉड, फौजेच्या हॉस्पिटलमध्ये उपचाराला बापाकडे पैसे मागत नाहीत. आणि 'मी हेडक्वार्टरमधून बोलतोय, मुलगा कुठल्या कंपनीत, किती जण आहेत' असलं विचारणाऱ्याला पण काही सांगायचं नाही. त्याचा वर्दीतला फोटो सेंटरच्या नावासकट स्टेटसला टाकायची घाई नको, 2020 मध्ये आर्मीने आपल्या लोकांना फेसबुक-इन्स्टाग्रामसकट 89 अॅप काढायला लावले होते ते उगाच नाही.

ट्रेनिंग अग्निवीर जीडीला (जनरल ड्यूटी, म्हणजे साधा सैनिक) साधारण 31 आठवडे चालतं, नेव्हीचं चिल्काला 16 आठवडे. शेवटी कसम परेड, म्हणजे पोरं शपथ घेतात तो सोहळा, त्याची तारीख पोरगं सांगेल, पण एक-दोनदा बदलेल सुद्धा. रेल्वेचं बुकिंग आता 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा अंदाजे तारखेचं काढून ठेवा, नाही जमलं तर कॅन्सल. येणाऱ्यांची नावं आधी द्यावी लागतात, किती जणांना परवानगी आहे ते विचारून घ्या, अख्खी भावकी जीपमध्ये भरून नेऊ नका. प्रत्येकाचं ओरिजिनल आधार पाहिजे, गेटवर मोबाईल जमा करायला लावू शकतात. काही सेंटरना आई-बापाला गौरव पदक देतात, ते छातीवर लावतात, तेव्हा आईने साडीचा पदर पिनअप करून जावं, म्हणजे स्टेजवर धावपळ होत नाही. आणि पोरगं समोर आल्यावर ओळखायला थोडा वेळ लागेल, एक तर बारीक झालेलं असतं नाहीतर खांदे भरलेले असतात, आणि काळं तर सगळंच झालेलं असतं.