हायलक्स कोणत्या पिढीची, हे गाडीखाली वाकून कसे ओळखावे

जुनी टोयोटा हायलक्स पिकअप पाहायला गेलेला माणूस बहुधा आधी तिच्या तोंडाकडे पाहतो: दिवे, जाळी, बंपर. पिढी ओळखण्यासाठी हीच जागा सर्वांत कमी भरवशाची आहे, कारण पुढचा पत्रा कोणत्याही गॅरेजात दोन दिवसांत बदलून मिळतो आणि खुद्द कंपनीनेही एकाच पिढीत चेहरे बदललेले आहेत. तिसऱ्या पिढीचेच घ्या. ती गोल दिव्यांनी बाजारात आली आणि जाताना तिचे दिवे चौकोनी होते. म्हणून मस्कत, दुबई, नैरोबी किंवा पर्थ येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींना ही गाडी जुन्या बाजारातून घ्यायची असते, त्यांना मी नेहमी सांगतो की आधी बॉनेट उघडा, मग पुढच्या चाकामागे टॉर्च मारा, आणि कागदपत्रे सर्वांत शेवटी वाचा.

बॉनेट उघडल्यावर इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर रिव्हेटने ठोकलेली धातूची एक छोटी पट्टी असते. नव्या गाड्यांमध्ये हीच माहिती दाराच्या खांबावरही आढळते. वीस-पंचवीस वर्षे चाललेल्या गाडीत या पट्टीवर तेल, धूळ आणि कधी कधी रंगाचाही थर बसलेला असतो. रॉकेल लावलेल्या फडक्याने ती हळूहळू पुसावी. खरवडू नये, कारण अक्षरे उथळ असतात आणि एकदा घासली गेली की कायमची जातात. चासी क्रमांक मात्र उजव्या बाजूच्या चासीवर, पुढच्या चाकाच्या कमानीजवळ ठोकलेला असतो. तो पट्टीवरच्या क्रमांकाशी अक्षरशः जुळला पाहिजे.

पट्टीवर मॉडेलचा जो संकेत असतो, तो वाचायला सोपा आहे. सुरुवातीची अक्षरे इंजिनाचे घराणे सांगतात, त्यानंतरचा ‘एन’ हायलक्स घराणे दाखवतो आणि पुढचा आकडा पिढी सांगतो. ‘आर’ म्हणजे आर मालिकेचे पेट्रोल इंजिन, ‘एल’ म्हणजे एल मालिकेचे डिझेल. पण ‘एलएन’ ही अक्षरे तिसऱ्यापासून सहाव्या पिढीपर्यंत सगळीकडे आढळत असल्यामुळे नुसत्या अक्षरांवर थांबून चालत नाही, आकडा पाहावाच लागतो. दहाच्या घरातला आकडा पहिल्या पिढीचा आणि विसाच्या घरातला दुसऱ्या पिढीचा. तीस-चाळिशीतला तिसरीचा, पन्नास ते सत्तरच्या घरातला चौथीचा, ऐंशी ते एकशेदहाच्या घरातला पाचवीचा आणि एकशेचाळीस ते एकशेसत्तरच्या घरातला सहावीचा. मधेच एकशेतीस दिसले तर ती पिकअप नव्हे, तिच्याच भावंडांतली बंद पाठीची हायलक्स सर्फ आहे. सातव्या पिढीत कंपनीने मोजणी पुन्हा दहापासून सुरू केली आणि बहुतेक डिझेल गाड्यांत ‘एन’च्या आधी ‘यू’ दिसू लागला. त्यामुळे ‘आरएन २०’ ही १९७२ ची गाडी, तर ‘केयूएन २६’ ही २००४ नंतरची. घाईत वाचणारा येथे हमखास चुकतो.

मी स्वतः याच्या अलीकडच्या पायरीवर चुकलो होतो. मस्कतमध्ये घेतलेल्या गाडीच्या कागदांवर पहिल्या नोंदणीचे वर्ष १९९९ होते. सहावी पिढी १९९७ मध्ये आली हे मला पाठ होते, म्हणून मी निर्धास्तपणे सहाव्या पिढीचे खालचे बॉल जॉइंट मागवले. मिस्त्रीने ते हातात घेऊन एकदा माझ्याकडे आणि एकदा गाडीकडे पाहिले व काही न बोलता पट्टी पुसली. खाली ‘आरएन ८५’ लिहिलेले होते, म्हणजे गाडी सरळसरळ पाचव्या पिढीची. यात विकणाऱ्याने फसवले असे मी म्हणणार नाही. जुन्या पिढीचा शिल्लक माल नवी पिढी आल्यानंतरही विकला जातो आणि नोंदणीचे वर्ष विक्रीच्या दिवसाचे असते, बनावटीचे नव्हे. बॉल जॉइंट मात्र अजून माझ्या माळ्यावर आहेत.

आता दुसरी पायरी. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून पुढच्या चाकामागे टॉर्च मारावा. तेथे तीनपैकी एक गोष्ट दिसेल. चाकाजवळ गुंडाळलेली कॉइल स्प्रिंग असेल तर गाडी एकतर पहिल्या दोन पिढ्यांतली आहे किंवा सातवी व तिच्या पुढची, आणि या दोहोंत गल्लत होण्याइतके साम्य अजिबात नाही. स्प्रिंग कोठेच न दिसता चासीला समांतर मागे जाणारी मनगटाहून बारीक पोलादी कांडी दिसली, तर तो टॉर्शन बार आहे. ही कांडी पिळली जाऊन धक्का झेलते आणि तिसरी ते सहावी या पिढ्यांची ती खूण आहे. तिसरी शक्यता म्हणजे ट्रकसारखे पाटे आणि दोन्ही चाकांना जोडणारा अखंड एक्सल. तो असेल तर गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह आहे आणि १९७९ नंतरची आहे. मागच्या बाजूला मात्र पहिल्या पिढीपासून पाटेच आहेत, त्यामुळे मागे वाकून पाठ दुखवून घेण्यात अर्थ नाही.

पहिली हायलक्स मार्च १९६८ मध्ये आली. नाव आणि बोधचिन्ह टोयोटाचे असले, तरी ती रचली आणि बांधली हिनो कंपनीने, तोक्योजवळच्या हामुरा येथील कारखान्यात. दीड लिटरचे इंजिन, पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर अडीच मीटर आणि एकूण लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास. लहान पिकअप हे वर्णन तिला खऱ्या अर्थाने शोभत होते. दुसरी पिढी मे १९७२ मध्ये आली. या दोन्ही पिढ्यांच्या गाड्या आता संग्राहकांकडेच उरल्या आहेत, तेव्हा त्यांच्यावर अधिक शाई खर्च करत नाही.

अमेरिकेतून आलेल्या गाडीबाबत मात्र एक सावधगिरी हवी. युरोपशी कोंबडीच्या मांसावरून झालेल्या व्यापारी भांडणानंतर अमेरिकेने १९६४ पासून आयात होणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात बसवली. पण हौदा नसलेली, नुसती केबिन आणि चासी अशी गाडी आणली तर जकात फक्त ४ टक्के लागे. साहजिकच गाड्या हौद्याशिवाय बोटीत चढल्या आणि हौदे कॅलिफोर्नियात, लाँग बीच येथे बनून त्यांवर चढवले जाऊ लागले. ते बनवणारा कारखाना टोयोटाने १९७४ मध्ये विकतच घेतला. ही पळवाट १९८० मध्ये बुजवली गेली. ओळखीच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच की त्या काळातल्या अमेरिकी गाडीची केबिन जपानची आणि हौदा कॅलिफोर्नियाचा असू शकतो, म्हणून हौद्यावरून किंवा फाळक्यावरून पिढी ठरवू नये. शिवाय सत्तरच्या दशकातच तेथे हायलक्स हे नाव वगळले गेले आणि गाडी नुसती टोयोटा पिकअप म्हणून विकली जाऊ लागली. नाव दिसत नाही म्हणून ती वेगळी गाडी समजू नये.

तिसऱ्या पिढीत, १९७९ मध्ये, चारही चाकांना ताकद देणारी हायलक्स आली आणि या गाडीची आजची ख्याती तेथून सुरू झाली. पुढे अखंड एक्सल आणि त्याला पाटे, ही रचना दणकट, दुरुस्तीला सोपी आणि प्रवाशांच्या कमरेला अत्यंत निर्दय होती. चौथी पिढी नोव्हेंबर १९८३ मध्ये आली, तेव्हाही हीच रचना होती. पण अमेरिकेतला गिऱ्हाईक आता शेतावर जाण्यापेक्षा सुट्टीला जाण्यासाठी पिकअप घेऊ लागला होता. त्याच्यासाठी १९८६ च्या मॉडेलपासून पुढची दोन चाके स्वतंत्रपणे हलणारी टॉर्शन बारची रचना बसवण्यात आली. ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेत मात्र जेथे गॅरेज दोनशे किलोमीटरवर असते, तेथे लोकांना पाटेच हवे होते आणि कंपनीने ते, ऑस्ट्रेलियात तरी, पाचव्या पिढीच्या अखेरपर्यंत, म्हणजे १९९७ पर्यंत, ठेवले. म्हणून एकाच वर्षाच्या दोन हायलक्स शेजारी उभ्या करून खाली पाहिले, तर एकीला पाटे आणि दुसरीला टॉर्शन बार असू शकतो. दोन्ही अस्सल असतात. खडकाळ वाटेवर हळू जाणाऱ्याने पाट्यांची घ्यावी आणि रोज डांबरी रस्त्याने जाणाऱ्याने त्या मोहात पडू नये, असे माझे मत आहे.

पाचवी पिढी सप्टेंबर १९८८ मध्ये आली. तीच गाडी फोक्सवॅगनने जर्मनीत टारो या नावाने विकली, त्यामुळे फोक्सवॅगनचे बोधचिन्ह लावलेली हायलक्स दिसल्यास ती नकली मानू नये. अमेरिकेत १९९५ मध्ये तिची जागा टॅकोमा या वेगळ्या गाडीने घेतली. त्यानंतरची अमेरिकी टोयोटा पिकअप कितीही सारखी दिसली, तरी हायलक्सचे सुटे भाग तिला लागतीलच असे धरू नये. सहाव्या पिढीविषयी सांगण्यासारखे एवढेच, की ऑस्ट्रेलियानेही तिच्यात पुढचे पाटे सोडले.

सातवी पिढी, २००४ ची, मराठी माणसाला न पाहताही ओळखीची आहे. टोयोटाने त्या वेळी एकाच चासीवर पिकअप, कुटुंबाची गाडी आणि एसयूव्ही काढण्याचा प्रकल्प आखला आणि त्याचे मुख्य केंद्र थायलंडला नेले. पिकअप म्हणजे हायलक्स, एसयूव्ही म्हणजे फॉर्च्युनर आणि कुटुंबाची गाडी म्हणजे २००५ मध्ये भारतात आलेली आपली इनोव्हा. पुणे-मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी लाखो किलोमीटर पळवलेले २.५ लिटरचे डिझेल इंजिन ‘२ केडी’ मालिकेचे आहे आणि ‘केयूएन’मधला ‘के’ तेच घराणे दाखवतो. आखातात अशी गाडी घेणाऱ्याने गावाकडच्या इनोव्हाच्या मिस्त्रीला इंजिनाचा आवाज फोनवर ऐकवला, तरी त्याला पुष्कळ कळेल. याच सुमारास जपानमध्ये हायलक्सची विक्री बंद झाली आणि ती २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यामुळे ‘थेट जपानहून आलेली २०१० ची हायलक्स’ असे कोणी म्हटले, तर चासी क्रमांकाची पहिली तीन अक्षरे वाचावीत. ‘एमआर०’ असेल तर गाडी थायलंडची, ‘एएचटी’ असेल तर दक्षिण आफ्रिकेची. जपानी बनावटीच्या क्रमांकाची सुरुवात ‘जेटी’ने होते.

आठवी पिढी मे २०१५ मध्ये जाहीर झाली. तिच्या बहुतेक डिझेल गाड्यांचा संकेत ‘जीयूएन’ आणि आकडे एकशेवीस-एकशेतीसच्या घरातले. भारतात हीच पिढी जानेवारी २०२२ मध्ये आली आणि बंगळूरजवळच्या बिदडी येथे जोडली जाऊ लागली, म्हणून भारतीय गाडीचा क्रमांक ‘एमबीजे’ने सुरू होतो. लांबी ५,३२५ मिलिमीटर आणि चाकांतले अंतर ३,०८५ मिलिमीटर. पुण्याच्या सोसायटीतल्या पार्किंगच्या पट्ट्यात तिचा हौदा बाहेर राहतो, हे घेण्याआधी फीत लावून मोजावे. इंजिन २.८ लिटरचे, २०४ पीएस ताकदीचे. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत ५०० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो, हाताच्या गिअरच्या गाडीत ४२०. जुनी घेताना विकणारा मोठाच आकडा सांगतो, तेव्हा गिअरच्या दांड्याकडे पाहून घ्यावे. नववी पिढी नोव्हेंबर २०२५ मध्ये बँकॉकमध्ये दाखवण्यात आली, तीत विजेवर चालणारीही आहे. ती जुन्या बाजारात यायला अवकाश आहे.

पिढी पक्की झाली की एक काम उरते. समुद्राजवळ वापरलेल्या गाडीची चासी मागच्या चाकाच्या वरच्या वळणावर आतून कुजते. तेथे छोट्या हातोडीने हलके ठोकावे. टणत्कार आला तर ठीक, बद्द आवाज आला किंवा पोपडे गळाले तर किंमत विचारण्याची गरज नाही. चासी धड असेल, तर पुसलेल्या पट्टीचा आणि चाकामागच्या भागाचा असे दोन फोटो काढून सुटे भाग विकणाऱ्याला पाठवावेत, आणि त्यासोबत वर्ष लिहू नये.